सुरू होणार नाही की थांबणार नाही?

मंडळी, जुन्या गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "काढून टाक रे तो डबा, ईएमआयवर नवीन घे." दुसरी म्हणते, "अरे सोन्यासारखी गाडी आहे! अलॉय टाक, एलईडी टाक, बघ कशी दिसते ते." मला या दोन्ही पार्ट्यांशी भांडायचंय.

आमच्याकडे २००४ ची मारुती ८०० आहे. बाबांनी घेतलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १२ इंची चाकं, पॉवर स्टिअरिंग नाही. १५ वर्षं झाल्यावर २०१९ ला पासिंग झालं, मग पाच वर्षांनी २०२४ ला पुन्हा. आता मागच्या सीटवर आई-बाबा आणि माझी मुलगी असते. म्हणजे मी बॉनेट उघडून जे काही करतो, त्याची टेस्टिंग टीम घरचीच आहे. प्रॉडक्शनवर थेट डिप्लॉयमेंट. रोलबॅक नाही.

म्हणून मी एक नियम केलाय. कुठल्याही कामाला हात लावण्याआधी स्वतःला विचारायचं: हे चुकलं तर काय होईल? गाडी सुरू होणार नाही, की गाडी थांबणार नाही? सुरू होणार नाही असं उत्तर आलं तर काम माझं. थांबणार नाही असं आलं तर पाना खाली ठेवायचा आणि मेकॅनिकला फोन लावायचा. गाडी पेट घेऊ शकेल अशी कामंही याच दुसऱ्या रकान्यात.

पहिल्या रकान्यात काय काय येतं? पुष्कळ. एअर फिल्टर, वायपर, बल्ब, फ्यूज (जितक्या अँपिअरचा गेला तितक्याच अँपिअरचा टाकायचा, "मोठा टाकला की उडत नाही" हे तत्त्वज्ञान ऐकायचं नाही). बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी: काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. स्पार्क प्लग तीनच आहेत, इंजिन थंड असताना काढायचे आणि बसवताना पहिले आटे हाताने फिरवायचे, पाना नंतर. कूलंटची पातळी सकाळी, थंड इंजिनवर. गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला देवच वाचवो.

आणि एक काम जे कोणीच करत नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून सडतो. पावसाळ्याआधी एक काडी घेऊन ती मोकळी करायची. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. आपल्याकडच्या पावसात गाडीचं आयुष्य इंजिनापेक्षा पत्र्यावर जास्त अवलंबून असतं.

दुसरा रकाना छोटा, पण कडक. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, पेट्रोलचे पाइप, मोठं वायरिंग. तिथे मी फक्त डोळे आणि नाक वापरतो, हात नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. मग घाट उतरताना ब्रेक तापले की पायाखालचं पेडल मऊ पडू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यायचं, पण बदलणार मेकॅनिक. २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळू लागलं. २००४ चे रबरी पाइप काही ते डोळ्यासमोर ठेवून बनवलेले नाहीत. पाइपला भेगा दिसल्या, पेट्रोलचा वास आला, की गाडी जागेवर उभी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, म्हणजे कधीही शिरायचं नाही.

माझा एक मित्र विचारतो, "तुझ्या तासाचा रेट काय आणि मेकॅनिकचा काय? हिशोब बसतो का?" नाही बसत. पैसे वाचवायला हे करत असाल तर करूच नका. मेकॅनिक गाडी वर्षातून दोनदा बघतो, मी दर रविवारी. जमिनीवरचा तेलाचा नवा डाग, पट्ट्याची बारीक किंकाळी, एका टायरमधली सारखी कमी होणारी हवा, हे सगळं मला आधी कळतं. गॅरेजमध्ये गेल्यावर "काहीतरी आवाज येतोय" असं न म्हणता "थंड असताना डावं वळण घेतलं की पुढून टकटक येते" असं सांगता येतं. चांगला बग रिपोर्ट मिळाला की अर्धं काम झालं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मॉडिफिकेशनवाली पार्टी. अलॉयचं गणित करून बघू. मूळ टायर १४५/७० आर१२, व्यास साधारण ५०८ मिमी. हौसेने १५५/६५ आर१३ टाकले तर ५३२. म्हणजे पावणेपाच टक्के फरक. काटा ८० दाखवत असताना गाडी जवळजवळ ८४ ने पळतेय. शिवाय रुंद टायरने पॉवर नसलेलं स्टिअरिंग जड होतं, ते वेगळंच. हेडलाइटचंही तसंच. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब ठोकला की जुनी वायर आणि होल्डर तापून वितळू शकतात. आणि बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की समोरच्याचे डोळे दिपतात. त्याऐवजी मल्टीमीटरने होल्डरपाशी व्होल्टेज मोजा. जुन्या कनेक्शनांत दीड व्होल्ट वाटेतच गेला तर प्रकाश जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. अर्थिंग आणि कनेक्टर साफ केले की मूळ बल्बच उजळतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच. निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत, यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये शिक्कामोर्तब केलंय.

थोडक्यात काय, जुन्या गाडीचं सर्वांत चांगलं मॉडिफिकेशन म्हणजे ती मूळ जशी होती तशी करणं.

पण इथेच "काढून टाक" पार्टीला एक गुण द्यावा लागतो. गाडी कितीही ठणठणीत ठेवली तरी ती २००४ चीच राहते. एबीएस नाही, एअरबॅग नाही. नव्या गाड्यांना हे दोन्ही (एअरबॅग किमान चालकासाठी) २०१९ पासून सक्तीचं झालं. ग्लोबल एनकॅपने जानेवारी २०१४ मध्ये पाच भारतीय छोट्या गाड्यांची, एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांची, टक्कर चाचणी घेतली. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांसाठी शून्य तारे मिळाले. त्या तर आमच्या गाडीपेक्षा नवीन होत्या! हा बग कोणत्याही पान्याने फिक्स होत नाही. आर्किटेक्चरच तसं आहे.

म्हणून आम्ही घरात ठरवलंय: ही गाडी शहरातच. भाजी, बँक, डॉक्टर, मुलीचा क्लास. एक्स्प्रेसवे नाही, खंबाटकी नाही. गावाला जायचं तर एसटी, ट्रेन नाहीतर भाड्याची नवी गाडी. बाबांना हे पटायला दोन महिने लागले. "याच गाडीने आपण कोकणात गेलो होतो" हे खरंच आहे, पण तेव्हा रस्त्यावरचे वेग वेगळे होते आणि शेजारून जाणाऱ्या गाड्या दुप्पट वजनाच्या नव्हत्या. गाडीवर प्रेम असणं आणि तिच्या मर्यादा ठाऊक असणं यात विरोध नाही. उलट दर रविवारी बॉनेट उघडणाऱ्यालाच त्या मर्यादा नीट कळतात.

असो. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर उद्या एवढंच करा. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतंच. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. स्टेपनी बहुतेक गाडीइतकीच जुनी निघेल :)