हात कोणाचा, नाव कोणाचे?

आमचे वडील ग्वाल्हेरचे दरबारी गवई. पडद्याआड कोणी सतार छेडली, तर दोन मिंडांत ते वाजविणाऱ्याचे नाव सांगत. ‘हात लपत नाही’, असे ते म्हणत. गुन्ह्याच्या तपासालाही हे वचन लागू आहे.

सन १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. पुढच्याच वर्षी जलपैगुडीकडील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला गाजला. मयताच्या सामानातील बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याची खूण होती. पूर्वी चोरीची सजा भोगलेल्या एका नोकराच्या ठशाशी ती जुळली. तरीही न्यायाधीशांनी त्यास चोरीबद्दलच दोषी धरले, खुनाबद्दल नाही. हात येथे लागला, इतकेच ठसा सांगतो. घाव कोणी घातला, ते सांगत नाही. हा विवेक आजही शिकण्याजोगा आहे.

पण ठसे जुळविण्याहून कठीण काम, हजारोंच्या दप्तरातून हवा तो ठसा काढण्याचे. बोटांवरची चक्रे आपल्या आयाबायाही मोजतात. त्याच चक्रांचा हिशेब करून दहा बोटांचे ठसे १,०२४ खणांत लावण्याची युक्ती कलकत्त्यास निघाली. या गणिताचे श्रेय काझी अझीझुल हक या फौजदारास जाते. हेमचंद्र बोस यांनी तिचे पोटभेद पाडले आणि ठशांचे वर्णन तारेने कळविण्याची सांकेतिक भाषा तयार केली. पद्धतीस नाव मात्र पडले ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. १९०१ साली हेन्री लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले आणि ते नाव जगभर झाले. पुढे त्यांनी हक यांच्या कामाची कदर केली. हक खानबहादुर झाले, बोस रायबहादुर. पण किताब म्हणजे श्रेय नव्हे. कोणाचा हात, हे ओळखणाऱ्या विद्येतच खऱ्या हातांची खूण पुसट झाली!

हे मला लागते, त्याला कारण आहे. वडिलांनी बांधलेली एक बंदिश आज दुसऱ्याच्या नावे गायिली जाते. माझ्याजवळ पुरावा नाही. त्यांनी ती कागदावर उतरविलीच नव्हती. म्हणून शिष्यांना मी चीज सांगताना आधी बांधणाऱ्याचे नाव लिहावयास लावतो. आपल्या जुन्या घरांतूनही किती बाडे, किती चिजा निनावी पडल्या असतील! ज्यांना नावे आठवतात ती माणसे आहेत, तोवर ती लिहून ठेवावीत. वाचकांस एवढीच विनंती.