वास गॅसचा नव्हे, साचलेल्या पाण्याचा

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या गाडीवाल्याला एसी मे महिन्यात लागतो तितकाच जुलैतही लागतो. जुलैत तो गारव्यासाठी नसतो, काचेसाठी असतो. बाहेर मुसळधार पाऊस, आत भिजलेली आठ माणसं, पायाशी ओल्या छत्र्या आणि गोणपाट. अशा वेळी त्र्यंबकेश्वरकडे तोरंगण घाट चढताना समोरच्या काचेवर वाफ धरते आणि रस्ता दिसेनासा होतो. एसी लावावाच लागतो. मुक्कामाला पोचलं की गाडी बंद, काचा बंद, आतली ओल आतच. सकाळी चावी फिरवून ब्लोअर लावला की कुबट वासाचा भपकारा येतो.

ही गाडी मग आपल्यापैकी कुणाच्या तरी गॅरेजात येते. आणि अजूनही काही ठिकाणी गिऱ्हाइकाला पहिलं उत्तर मिळतं ते ‘गॅस भरावा लागेल’ असं. हे उत्तर चूक आहे, आणि जाणूनबुजून दिलं असेल तर फसवणूक आहे. आर-१३४ए हा गॅस बंद नळ्यांतून फिरतो. तो कमी झाला तर गारवा कमी होतो, बुरशीचा वास येत नाही. शिवाय जुना गॅस हवेत सोडून नवा भरणं म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमानवाढ करणारा वायू विनाकारण मोकळा सोडणं.

खरी गोष्ट पाण्याची आहे. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असतं. तीच हवा ५ अंशांपर्यंत थंड झाली तर त्यातलं जेमतेम ७ ग्रॅम उरतं. बाकीचं कूलिंग कॉइलवर पाणी होऊन बसतं आणि ड्रेन पाइपातून गाडीखाली टपकायला हवं. कॉइल स्वच्छ असेल तर गोष्ट इथेच संपते. पण जव्हार-मोखाड्यात पावसाआधी शेतकरी नाचणी-भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्याची राख, रस्त्याची लाल धूळ आणि झाडाखाली उभ्या गाडीच्या वायपरखालच्या जाळीतला पाचोळा हे सगळं कॉइलपर्यंत पोचतं. अनेक जुन्या गाड्यांत केबिन फिल्टरच नसतो. ओल, अंधार आणि ही घाण एवढं मिळालं की बुरशी आणि जिवाणूंना आणखी काही लागत नाही.

म्हणून हत्यार उचलण्याआधी नाक वापरा. चालू करताच येणारा आणि थोड्या वेळाने विरणारा आंबट, कुबट वास कॉइलचा. गोडसर वास आणि आतल्या काचेवर तेलकट थर दिसला तर हिटर कोअरमधून कूलंट गळतंय. तिथे कॉइल धुण्याचा फोम मारून उपयोग नाही. सडका वास ब्लोअर लावताच वाढत असेल तर ब्लोअरच्या डब्यात उंदीर मेला आहे का ते पाहा. धान्याची पोती वाहणाऱ्या गाड्यांत ही शंका आधी घ्यावी. जळका वास आला तर ब्लोअरची मोटर आणि वायरिंग तपासा. धुराचा वास येत असेल तर गाडी परत देऊच नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो.

कॉइलचाच वास ठरला तर पंधरा मिनिटं एसी चालवून गाडीखाली वाका. दमट दिवसात पाणी टपकत नसेल तर पाइप तुंबलाय. खडबडीत रस्त्यावर उडालेला चिखल तोंडाशी वाळून बसतो. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका, नळी सुटते आणि गाळ डब्यात शिरतो. मऊ वायर खालून हळू फिरवा. फिल्टर असेल तर तो काढूनच फोम सोडा, आणि फोम कॉइलवर पोचला पाहिजे. समोरच्या जाळ्यांतून फवारून तो तिथे पोचत नाही. ब्लोअरची मोटर आणि रेझिस्टर ओले होऊ देऊ नका. आम्लाचं द्रावण किंवा ब्लीच अजिबात नको, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या खाऊन टाकतं. मळ फारच बसला असेल तर डॅशबोर्ड खोलून कॉइल बाहेर काढण्याला पर्याय नाही, आणि त्या मेहनतीचे पैसे मागायला संकोच करू नका.

अत्तराच्या बाटलीने वास झाकला जातो, एवढंच. डांबरगोळ्या मात्र गाडीत ठेवूच देऊ नका, हे निक्षून सांगतो. बऱ्याच डांबरगोळ्यांत नॅप्थालीन असतं, आणि जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत हा दोष तुलनेने जास्त आढळतो. बंद गाडीत मांडीवर तान्हं मूल घेऊन बसलेली बाई ती हवा तासभर श्वासात घेते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. म्हणजे एसीचं हे काम आता शहरापुरतं राहणार नाही, घाटातल्या छोट्या गॅरेजातही येईल.

गाडी परत देताना चालकाला दोन मिनिटं द्या. उतरण्याआधी पाच मिनिटं एसी बंद, ब्लोअर चालू, बाहेरची हवा आत, असं आपण सगळेच सांगतो. पण पोशेऱ्याच्या चालकाने भर पावसात चालत्या गाडीत तसं केलं तर काच पुन्हा धुरकट होईल. त्याला सांगा, घाटात एसी चालूच ठेव. घरी पोचल्यावर, गोठ्याच्या किंवा पडवीच्या आडोशाला पण उघड्यावर गाडी उभी करून, काचा खाली घेऊन, मग ब्लोअर चालव. आणि ओल्या मॅट काढून घरात चुलीजवळ वाळत टाक.