अकरा नंबरची गाडी

सरकारी माणूस कामासाठी गावाला गेला की त्याला फिरती म्हणतात. आपला माणूस गावाहून कोर्टाला गेला की त्याला खाडा म्हणतात. फिरतीला भत्ता मिळतो. खाड्याला रोज बुडतो आणि वर मुकादमाच्या शिव्या मिळतात. या खेपेचं संपादकीय एवढ्यावरच आहे. ज्यांना क्रांती हवी त्यांनी सरळ कवितांची पानं उघडावीत, तिथं ती रगड आहे. इथं एस.टी.च्या तिकिटाचा हिशेब चाललाय.

हा हिशेब सुचला सदाशिव पेठेत. गोदीतली रात्रपाळी उरकून मी अंकाच्या जुळणीला पुण्यात येतो, कारण आपली निम्मी मंडळी आता इथंच कॉट बेसिसवर पडलीय. पेरूगेट, खजिना विहीर, भिकारदास मारुती. आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक अजून आहेत, पण अभ्यासिकेच्या धंद्याला गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक नांदेड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याहून येतं. त्यात आपली पोरं आहेत. बाप ऊसतोडीला, आई खुरपणीला आणि पोरगं सदाशिव पेठेत दोन वेळच्या डब्यावर तहसीलदार व्हायला बसलंय. बसू द्या. व्हायलाच पाहिजे.

तर परवा दोघं जण जिन्यात एकमेकांना प्रश्न घालत होते. "अत्याचारग्रस्ताला प्रवास भत्ता किती दिवसांत? तीन, सात, पंधरा की तीस?" दुसऱ्यानं डोळे न उघडता सांगितलं, तीन. बरोबर. पुढचा प्रश्न.

मी म्हटलं, थांबा रे. हे तुम्हाला पाठ आहे, मग हे तुमच्या गावात कुणाला माहीत आहे? दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं.

कायदा १९८९ चा, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक. त्याची नियमावली १९९५ ची. त्यातला नियम अकरा. आपल्या बोलीत अकरा नंबरची गाडी म्हणजे स्वतःचे दोन पाय. नियम लिहिणाऱ्या साहेबाला हे ठाऊक नसणार, पण आकडा नेमका पडलाय. तो नियम काय म्हणतो ते सरळ मराठीत सांगतो, कारण ते सरळ मराठीत कुणी सांगत नाही. ज्याच्यावर अत्याचार झाला तो, त्याच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार, या सगळ्यांना घरापासून तपासाच्या किंवा खटल्याच्या जागेपर्यंत जाण्या-येण्याचं भाडं मिळालं पाहिजे. रेल्वेचं दुसऱ्या वर्गाचं, नाहीतर बसचं, टॅक्सीचं, जे प्रत्यक्ष लागलं ते. बाई असेल, अल्पवयीन असेल, साठीच्या पुढचं माणूस असेल, चाळीस टक्के अपंग असेल, तर स्वतःच्या पसंतीचा सोबती नेता येतो आणि सोबत्यालाही तेवढंच. घराबाहेर जितके दिवस गेले तितक्या दिवसांचा निर्वाह खर्च, तोही शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही. जेवणाचा खर्च वेगळा. आणि हे सगळं जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदारानं ताबडतोब, फार तर तीन दिवसांत हातावर ठेवायचं. पोलीस ठाण्याला हेलपाटा झाला तरी, दवाखान्यात झाला तरी, विशेष न्यायालयात झाला तरी. २०१५ च्या दुरुस्तीनं कायद्यातच पंधरा-अ हे कलम घातलं, त्यात तर प्रवास आणि निर्वाहाचा खर्च देण्याची जबाबदारी खुद्द न्यायालयावरही टाकलीय.

म्हणजे यात भीक कुठं नाही. मागायचं ते आपलंच.

माझी आत्या अशाच एका खटल्यात साक्षीदार आहे. जिल्हा सांगत नाही, खटला बोर्डावर आहे. वय बासष्ट. गावातून पहिली एस.टी. धरली तरी जिल्ह्याला पोचायला बारा वाजतात आणि पुकारा अकराला होतो, म्हणून ती आदल्या संध्याकाळी निघते आणि स्टँडवर पाठ टेकते. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं. आरोपीच्या वकिलाचा अर्ज येतो, नाहीतर साहेब रजेवर, नाहीतर कागद वरच्या कोर्टात. पुढची तारीख. पाच वेळा गेली, साक्ष अजून व्हायचीय. दर खेपेला तिचे खुरपणीचे दोन रोज बुडाले, सोबत जाणाऱ्या आतेभावाचे दोन. पाच खेपांचे वीस रोज. घरातल्या वीस दिवसांच्या चुली म्हणा.

तिच्याबरोबर मी तिथल्या एका कचेरीत गेलो. टेबलामागचा बाबू वाईट माणूस नव्हता, पंखा आमच्याकडे वळवला त्यानं. म्हणाला, "बायकांना अर्धं तिकीट झालंय की आता. परत भत्ता कशाचा?"

मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं. पण ते सगळ्या बायकांना आहे, पाटलिणीलाही आहे, ज्यांनी आत्याच्या भाच्याचं डोकं फोडलं त्यांच्या आयांनाही आहे. सवलत वेगळी आणि हक्क वेगळा. शिवाय आतेभाऊ बाई नाही.

व्हरांड्यातल्या त्याच बाकड्यावर त्या दिवशी एक सरकारी नोकर बसला होता, त्या खटल्यातला पंच. त्याला बोलावलंय सरकारनं, म्हणून त्याचा तो दिवस कामावरचा धरला जातो. पगार चालू, भाड्याचं देयक वेगळं. बिचारा आत्याला चहा पाजायला उठला. त्याच्याशी माझं भांडण नाही. एकाच बाकड्यावर, एकाच खटल्यात, एकाच न्यायाधीशाच्या रजेमुळे फुकट गेलेला दिवस एकाचा कर्तव्य होतो आणि दुसरीचा खाडा, हे भांडण आहे.

आता नियमावलीचं पान उलटा. अकरानंतर बारा येतो. नियम बारा म्हणतो, जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी अत्याचाराच्या जागी भेट द्यावी, नुकसान बघावं. बरोबर आहे, यायलाच पाहिजेत. येतात तेव्हा गाडी सरकारची, डिझेल सरकारचं, चालक सरकारचा, आणि नियमात बसेल तो भत्ता. एकाच नियमावलीत लागोपाठ दोन प्रवास लिहिलेत: एक बाईचा कोर्टाकडे, एक साहेबांचा वस्तीकडे. बाराव्याची गाडी सुरू होते. अकराव्याची गाडी पायीच चालते.

बरं, सरकारला भत्ता म्हणजे काय हे कळत नाही असंही नाही. चांगलं कळतं, अगदी पोटाच्या मापानं कळतं. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली केंद्र सरकारनं फिरतीवरच्या जेवणाची मर्यादा ठरवली: स्तर चौदा आणि वरच्यांना दिवसाला १२०० रुपये, स्तर पाच आणि खालच्यांना ५००. मधे आणखी पायऱ्या. मनूनंही वर्ण चारच केले होते. सहा तासांच्या आत परतलात तर तीस टक्के, बारा तासांपर्यंत सत्तर, त्यापुढं पूर्ण. इतकं बारीक मोजतं सरकार, तासातासानं भूक मोजतं. आत्याची मात्र स्टँडवरची अख्खी रात्र त्याच्या वहीत नाही.

पोटाचं आणखी एक खातं आहे, त्याला निर्वाह भत्ताच म्हणतात. सरकारी नोकर निलंबित झाला की त्याला घरी बसून पैसे मिळतात. महाराष्ट्राचे १९८१ चे नियम आहेत: सुरुवातीला अर्धपगारी रजेइतकी रक्कम, वर महागाई भत्ता, तीन महिन्यांनंतर ती वाढवता येते. उद्या एखाद्या फौजदाराला आपल्या बाईची फिर्याद घेतली नाही म्हणून निलंबित केलं, तर त्यालाही मिळणार. मिळू दे. त्याच्या पोरांनी काय केलंय? मी गोदीत ठेकेदाराकडचा माणूस, मला काढलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही, भत्ता लांबच. तरी म्हणतो, मिळू दे.

पण या भत्त्यावरून सुप्रीम कोर्टानं काय म्हटलंय ते त्या जिन्यातल्या पोरांनी वाचावं. मध्य प्रदेशातला वनखात्याचा एक नोकर, घनश्यामदास श्रीवास्तव. निलंबित. राहायला रीव्याला आणि चौकशी लावली जगदलपूरला, पाचशे किलोमीटर लांब. निर्वाह भत्ता दिला नाही. तो म्हणाला, माझ्याकडे यायला पैसे नाहीत. खात्यानं त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकली आणि बडतर्फ केलं. १९७३ साली सुप्रीम कोर्टानं ती बडतर्फी रद्द केली. ज्याच्याकडे यायला पैसे नव्हते आणि ज्याचे देणं लागत होतो ते आपण दिले नाहीत, त्याला बाजू मांडायची संधी मिळाली असं म्हणता येत नाही, असा त्याचा अर्थ. आणि १९८३ साली महाराष्ट्राचाच एक नियम त्याच कोर्टात गेला. शिक्षा होऊन अपिलात असलेल्या निलंबित नोकराला महिन्याला निर्वाह भत्ता एक रुपया! होय, एक. मुंबई नागरी सेवा नियमांतली ही तरतूद कोर्टानं घटनाबाह्य ठरवली.

म्हणजे गाडीभाडं नसेल तर न्याय नाही, हे या देशाच्या सर्वोच्च कोर्टाला निदान १९७३ पासून माहीत आहे. नोकरासाठी माहीत आहे. मग पाच खेपा स्वतःच्या पैशानं घालणाऱ्या बाईचा खटला कुठल्या तोंडानं चालवता?

सदाशिव पेठेत बसून हे लिहिताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा उभा आहे, दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्यासाठी लोक लांबलांबून पुण्याला येत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिणेचा फंड पुरता बुडवला नाही. १८२१ साली याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि ब्राह्मण विद्यार्थ्यांना त्यातून पोसलं. १८४९ साली सुधारकांनी या पैशातला काही भाग मराठी ग्रंथांना द्या असा अर्ज केला, तेव्हा सनातन्यांच्या धाकातून त्यांना सांभाळायला जोतीराव आपली माणसं घेऊन उभे राहिले. खजिन्यातून खाणं-पिणं देणं ही इथं नवी गोष्ट नाही. कुणाला, एवढंच बघायचं.

त्याच काळात आणि पुढंही आमचे आजे-पणजे सरकारी टपाल घेऊन गावोगाव धावत होते. १८७४ च्या वतन कायद्यानं ते धावणं त्यांच्या नशिबाला बांधलं. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार फिरून आणायचं बलुतं. वतनदार घरी नसला तर बाप, पोर, बायको, कुणीतरी त्या कामाला उभं राहायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन बिल आणलं ते याच्यावर. सरकारी काम आहे ना, मग सरकारनं रोख पगार द्यावा. वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. पुढं ते धावणं कोतवालाच्या गळ्यात पडलं, तोही मानधनावर.

धावणाऱ्याला पैसे देता येतात, इच्छा असली तर. आमच्या गोदीत १९५६ ची योजना होती: नोंदणीतला कामगार पाळीच्या पुकाऱ्याला हजर राहिला आणि जहाज नसल्यामुळे काम मिळालं नाही, तरी हजेरीचा भत्ता मिळायचा. तू आलास, तुझा दिवस गेला, हे घे. जुने लोक अजून सांगतात. संघटनेनं भांडून मिळवलेलं होतं ते. कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्यांची संघटना नाही, म्हणून तीन दिवसांचा नियम परीक्षेत राहिला.

खर्ड्याच्या नितीन आगेला एप्रिल २०१४ मध्ये मारलं. शाळकरी पोर. खटला नगरला चालला, आताच्या अहिल्यानगरला. खर्ड्याहून जामखेड, जामखेडहून नगर. साक्षीदार फितूर झाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार एस.टी.च्या तिकिटासाठी फितूर झाले असं मी म्हणत नाही, गावात कोण कुणाच्या दबावाखाली राहतं ते मला शिकवू नका. पण आरोपींकडच्यांना साक्षीदाराला गाडीत बसवून न्यायला कधी कायदा लागत नाही. सरकारकडे कायदा आहे आणि गाडी नाही. त्या मोकळ्या जागेत काय होतं ते ओळखा.

तेव्हा सदाशिव पेठेतल्या दोस्तांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा हे करा. तुमच्या तालुक्यात या कायद्याखाली किती खटले चालू आहेत ते काढा. प्रत्येक खेपेला कोर्टातून हजेरीचा दाखला मागा. दाखला नाही तर अर्ज लंगडा पडतो. तिकिटं फेकू देऊ नका, आयांच्या बटव्यातली चुरगळलेली तिकिटं वहीत चिकटवा. अर्ज तहसीलदाराला, प्रत प्रांताला, प्रत समाजकल्याणला, आणि पोच घ्यायची. तीन दिवस मोजायचे. चौथ्या दिवशी जिल्हा दक्षता समितीला पत्र; नियम सतराप्रमाणे ती तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे आणि कलेक्टर तिचा अध्यक्ष आहे. बसत नसेल तर तेही लिहा. समाजकल्याणचं आयुक्तालय याच पुण्यात आहे, अभ्यासिकेतून अकरा नंबरच्या गाडीनं जाता येतं. आम्ही काही जण महिन्यातून एकदा जाणार आहोत, पोचपावत्यांचा गठ्ठा घेऊन.

आणि तुमच्यातला जो खरंच तहसीलदार होईल, त्याच्या टेबलावर पहिला अर्ज आमचाच येईल. आम्हाला ओळख दाखवू नका. तारीख बघा आणि सही करा.

अर्जाचा नमुना मलपृष्ठावर छापलाय, कवितेची जागा कापून. झेरॉक्स काढा, गावाला पाठवा. अंक विकत घेतला नसला तरी चालेल.