माठ कुणाचा, हात कुणाचा?

दोस्तहो, उन्हाळ्यात सोनपेठच्या बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून बघता. घडवणाराचं नाव कधी विचारलंत? आणि घरच्या बाईचं? माती चाळायची तिने, तुडवायची तिने. पण चाकाला मात्र बाईने शिवायचं नाही, ही रूढी! कारागिराला जात चिकटवली आणि कारागिरिणीला तर नावसुद्धा नाही ठेवलं.

आता नायजेरियाकडे बघा. लादी क्वाली. ग्वारी जमातीतली काळी बाई. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवत पाण्याचे घडे उभे करायची, त्यांवर पाली, विंचू कोरायची. मायकेल कार्ड्यू या इंग्रजाने अबुजाच्या अमीराच्या वाड्यात तिचे घडे पाहिले. १९५४ साली ती त्याच्या प्रशिक्षण केंद्रात गेली. गोऱ्याने तिला घडवलं म्हणता? अरे, ती घडूनच आली होती! आज २० नायराच्या नोटेवर तीच आहे. तिथेच १९७४ साली केनियात जन्मलेली मॅग्डलीन ओडुंडो हाताने घडवणं शिकली; आज तिची भांडी ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आणि इथे? इथे माठ म्हणजे विटाळाची सरहद्द. १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो. तरी २०२२ साली राजस्थानात नऊ वर्षांचं दलित पोर मेलं. शिक्षकाच्या माठाला हात लावला म्हणून मारलं, असं घरचे सांगतात.

म्हणून नुसती म्युझियमची काच आपल्याला पुरणार नाही. घडवणारीला नाव पाहिजे, तहानलेल्याला पाणी पाहिजे. माती एक, लढाई एक.