जोड्याची बातमी

परदेशांतील विधिमंडळांत माजलेल्या हाणामारीची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या अग्रभागी झळकावीत आणि ज्या विधेयकापायी ती माजली त्याचे नाव आतल्या पानांतही धड सापडू नये, असे झाले की सुरतवासी मराठी वाचकास 27 डिसेंबर 1907 ची आठवण होणे क्रमप्राप्तच आहे. राष्ट्रसभेच्या येथील अधिवेशनात लोकमान्य टिळक व्यासपीठावर बोलण्याचा हक्क मागत उभे असता मंडपातून भिरकावलेला एक जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. इंग्रज पत्रकार हेन्री नेविन्सन तेथे हजर होते. लाल चामड्याचा, टोकदार, तळास शिसे ठोकलेला तो मराठी जोडा त्यांनी असा काही टिपला, की राष्ट्रसभेत सुरतेस पडलेल्या फुटीचा विषय निघताच प्रथम तोच डोळ्यांपुढे येतो. यात वार्ताहराचा दोष नाही. नाकासमोरून उडालेली वस्तू न दिसल्याचे ढोंग त्याने का करावे? परंतु 1906 साली कलकत्त्यास मंजूर झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे ठराव सुरतेत सौम्य केले जातील, ही धास्ती कलहाच्या मुळाशी होती, आणि तिचा जाबसाल जोड्याइतका चित्रमय नव्हता.

1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या वार्तेने सुरत जगभर गाजली. तोंडास रुमाल बांधून स्टेशनाकडे धावणारी माणसे सर्वांनी पाहिली. पुढे महापालिकेने शहर झाडून काढले, त्यास तेवढी जागा मिळाली नाही.

प्रस्तुत अंकात आम्ही छायाचित्रांपेक्षा ठरावांस अधिक पाने दिली आहेत. वर्गणीदारांची कुरकुर गृहीत धरली आहे.