अश्रू आणि सब्र

मुलगा आखातात नोकरीला गेला आणि महिनाभर त्याचा फोन नाही. दवाखान्याचा रिपोर्ट यायचा आहे. मुलीचं ठरलेलं नातं मोडलं. अशा घरी आपण जातो आणि म्हणतो, "सब्र करा." आई रडू लागली की कुणीतरी हमखास सांगतं, "रडू नका, अल्लाह नाराज होईल." मग त्या माउलीला वाटतं, आपलं ईमानच कमकुवत आहे.

असं वाटणाऱ्या प्रत्येक भगिनीने सूरह यूसुफ समजून वाचावी. कुरआनातली ही बारावी सूरह, १११ आयतींची. प्रेषित (स.) आणि त्यांचे साथी मक्केत छळ सोसत होते, त्या काळात ती अवतरली.

हजरत याकूब (अलै.) यांच्यासमोर मुलांनी यूसुफ (अलै.) यांचा सदरा ठेवला, त्यावर खोटं रक्त होतं. पुढे अनेक वर्षांनी धाकटा मुलगाही मिसरमध्ये अडकला. दुःखाने याकूब (अलै.) यांचे डोळे पांढरे पडले. घरचेच बोलू लागले की, तुम्ही यूसुफच्या आठवणीत जीव घालवणार. त्यावर त्यांनी सांगितलं, मी माझं दुःख फक्त अल्लाहपुढे मांडतो. आणि लगेच मुलांना पाठवलं: जा, दोघा भावांचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेतून निराश होऊ नका.

म्हणजे ते रडलेही, दुआही केली आणि शोधही सोडला नाही. यूसुफ कुठे आहेत हे ठाऊक नसताना हे सगळं केलं. कुरआन याच पित्याच्या तोंडी 'सब्रे जमील' हे शब्द देतो.

आपल्या प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम मदीनेत वारले, तेव्हा त्यांचेही डोळे भरून आले. एका साथीने आश्चर्याने विचारलं, तर ही करुणा आहे असं त्यांनी सांगितलं. रबला न आवडणारा शब्द मात्र मुखातून काढला नाही. सब्राची हद्द इथे आहे: डोळ्यांना मोकळीक आहे, जिभेला लगाम आहे.

तेव्हा अशा घरी गेलात, तर त्या माउलीला रडू द्या. तिच्यासोबत दोन रकात नमाज पढा, दुआ करा. मग विचारा, "मुलाच्या सोबत्यांपैकी कुणाचा नंबर आहे का? रिपोर्ट आणायला मी येऊ का?" शोध घेणं हाही तवक्कुलचाच भाग आहे, आणि त्या कामात शेजाऱ्याचा हात लागतो.