इन्व्हॉइस, इन्व्हेंटरी, इन्व्हेस्टमेंट : गल्लत नको!

तिन्ही शब्द 'इन्व्ह'च्याच घरातले वाटतात, पण हिशोबात तिघांचं काम वेगळं. समजा, तुम्ही कोल्हापुरी चपला बनवता. शेड बांधली, हत्यारं घेतली, ती इन्व्हेस्टमेंट. चामडं आणि न विकलेले जोड, ही इन्व्हेंटरी. दुकानदाराला माल देऊन केलेलं बिल, ते इन्व्हॉइस.

माझं स्पष्ट मत आहे: नुसते अर्थ पाठ करू नका, पैसा कुठं अडकलाय ते बघा. बिल फाडलं म्हणजे पैसे आले असं नव्हे! उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. मागायला जाताना हातात तारखेचं इन्व्हॉइस पाहिजे.

आजच वहीत तीन रकाने आखा.